वर्तणुकीचा रकाना

गेल्या वर्षी जुलै महिन्यातल्या एका संध्याकाळी माझ्या नातीने तिचे शाळेचे ‘कॅलेंडर’ माझ्यासमोर ठेवले. कॅथलिक शाळेत मुले घातलेल्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. भिंतीवरच्या कॅलेंडरशी त्याचा काही संबंध नाही. ती एक जाड पुठ्ठ्याची छोटी वही असते. तिच्यात आधी प्रार्थना, मग शाळेचे नियम, मग सुट्ट्यांची यादी आणि शेवटी ‘रिमार्क’ची पाने. नात पाचवीत. तिचे आईवडील एका लग्नासाठी परगावी गेलेले, आणि पालकांची सही तर दुसऱ्या दिवशी सकाळी हवी होती. रिमार्कच्या पानावर लाल शाईने एकच ओळ होती : वर्गात बोलत होती.

“आजी, मी बोललेच नव्हते,” ती म्हणाली.

“मग टीचरना कुणी सांगितलं?”

“मॉनिटरने नाव लिहिलं फळ्यावर.”

“टीचरनी तुला विचारलं नाही, बोलत होतीस का म्हणून?”

माझा प्रश्नच तिला कळला नाही. “कशाला विचारतील? नाव फळ्यावर होतं ना!”

एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलात, असे कुणालाही वाटेल. एका ओळीचा रिमार्क, एक सही, विषय संपला. मलाही एरवी तसेच वाटले असते. पण त्या फळ्याचा आणि माझा एक जुना हिशेब आहे. बँकेत अडतीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. हा मात्र माझ्याच खात्यावर तसाच राहिला.

मी मुंबईच्या एका उपनगरातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. साल १९६५ ते १९७६. अण्णा रेल्वेत कारकून होते. चाळीतल्या दोन खोल्या, माणसे सहा आणि घरातला सगळा व्यवहार मराठीत. तरीही अण्णांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातले. का, म्हणून कुणी विचारले तर ते एकच शब्द सांगत : शिस्त. इंग्रजी हे दुसरे कारण होते, पण ते बोलून दाखवायची पद्धत नव्हती. शिस्तीबद्दल मात्र अभिमानाने बोलता येई. “सिस्टर लोक फार कडक असतात,” असे आई शेजारणींना सांगायची, आणि त्या कडकपणाचे मोल जणू महिन्याच्या फीमधूनच चुकते होत असावे, अशा समाधानाने सांगायची.

कडक म्हणजे काय, ते ज्यांनी अनुभवले त्यांना आठवत असेल. पावणेआठला पहिली घंटा. ती झाली की मैदानावर जी जिथे असेल तिने तिथेच थांबायचे. धावणारीने पाय टेकायचा आणि बोलणारीने तोंड मिटायचे. दुसऱ्या घंटेला रांग. जिन्यावरून डाव्या बाजूने, भिंतीला हात न लावता, न बोलता वर जायचे. सोमवारी नखे, रुमाल आणि बूट यांची तपासणी. कॅनव्हासचे बूट पांढरे दिसावेत म्हणून आम्ही कोपऱ्यावर थांबून त्यांना खडू फासत असू. पिनाफोरची लांबी पाहायला गुडघ्यावर बसवत. घेर जमिनीला टेकला पाहिजे. कपाळाला टिकली नाही, हातात बांगड्या नाहीत, वेणीत गजरा नाही. शाळेच्या आवारात मराठीत बोलताना सापडले की दहा पैसे दंड. ते दहा पैसे गरिबांसाठी ठेवलेल्या पेटीत पडत. पुण्य कुणाच्या खात्यात जमा होत असे, कोण जाणे!

या शाळेने मला जे दिले ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. वेळेवर पोहोचणे, रांग न मोडणे, दुसऱ्याचे बोलणे पुरते ऐकून घेणे, पान स्वच्छ ठेवणे, चूक झाली तर ती खोडून लपवण्याऐवजी एक रेघ मारून पुढे बरोबर लिहिणे, या गोष्टी मी तिथे शिकले. शेवटची सवय तर बँकेत माझ्या फार उपयोगाची ठरली. १९८२ साली मी नोकरीला लागले तेव्हा लेजरमध्ये खाडाखोड करायची नाही, आकड्यावर रेघ मारून बाजूला आद्याक्षरे घालायची, हे मला कुणाला शिकवावे लागले नाही.

आणि माणसेही भेटली. आमच्या मुख्याध्यापिका मंगळूरकडच्या होत्या. उंच, सडसडीत, आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. मी सातवीत असतानाची गोष्ट. नागपंचमीच्या आदल्या रात्री चाळीतल्या सगळ्या मुलींबरोबर मीही मेंदी काढली होती. आपल्याकडे नागपंचमीला मुलींनी मेंदी काढायची हे इतके सहज होते की शाळेचा नियम घरात कुणाच्या ध्यानीमनीच आला नाही. सकाळी वर्गाच्या मिसनी हात पाहिले, आणि नळावर नेऊन दगडाने घासायला लावले. मेंदी ती! जितकी घासावी तितकी लाल. आत जायचे नाही म्हणून मी नळापाशीच उभी राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या मुली हसत होत्या. दुसऱ्या तासाला सिस्टर तिथून गेल्या. त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “हे काय, आणि कशासाठी?” मी नागाची गोष्ट, वारूळ, दूध-लाह्या, असे माझ्या मोडक्या इंग्रजीत काहीतरी सांगितले. त्यांनी ते नीट ऐकले, मला वर्गात नेऊन बसवले, आणि वर्गासमोर त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या जूनमध्ये नवे कॅलेंडर आले तेव्हा मेंदीच्या नियमापुढे एक वाक्य वाढलेले होते : सण किंवा घरचे लग्न असल्यास पालकांची चिठ्ठी आणावी.

त्या वाढलेल्या वाक्याचे महत्त्व मला तेव्हा कळले नाही. नियम मोडला गेला नव्हता, की कुणाची मर्जी म्हणून मला सूट मिळाली नव्हती. एका मुलीला विचारले गेले, तिने सांगितले, आणि त्यावरून नियम सगळ्यांसाठी थोडा शहाणा झाला. शिस्त अशीही असू शकते.

आता दुसरी गोष्ट. ती सांगायला मला पन्नास वर्षे लागली.

१९७३ साली मी आठवीत वर्गाची मॉनिटर झाले. वर्ग अठ्ठावन्न मुलींचा. मिस बाहेर गेल्या की मॉनिटरने हातात खडू घेऊन फळ्यापाशी उभे राहायचे, आणि जी बोलेल तिचे नाव उजव्या कोपऱ्यात लिहायचे. पुन्हा बोलली तर नावापुढे फुली. मिस परत आल्या की हिशेब सरळ होता : नावाला एक पट्टी, आणि दर फुलीला आणखी एक. लाकडी फूटपट्टी, तळहातावर. महिनाअखेर ही नावे एका वहीत जात, आणि त्या वहीवरून सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात ‘कंडक्ट’चा, म्हणजे वर्तणुकीचा, शेरा भरला जाई. गुड, फेअर किंवा पुअर.

पावसाळ्याचे दिवस होते. मिस कार्यालयात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. वर्गात गलका सुरू झाला. सगळ्यात जास्त बोलत होती ती माझी बाकावरची मैत्रीण. तिच्या घरी मी दर शनिवारी खेळायला जाई. त्यांच्याकडे रेडिओग्राम होता. तिचे नाव लिहायला माझा हात उचलेना. पण फळा रिकामा ठेवणेही शक्य नव्हते, कारण गलका कार्यालयापर्यंत ऐकू जात होता आणि कुणाचे तरी नाव हवेच होते. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिची आई शाळेतच आया होती आणि मुलीला फी माफ होती. ती फारशी कुणाशी बोलत नसे. त्या वेळी तिने शेजारणीकडे वाकून बहुधा पेन्सिल मागितली असावी. मी तिचे नाव लिहिले. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि ‘मी नाही’ अशी खूण केली. त्या खुणेलाही मी एक फुली दिली. नंतर आणखी एक.

मिस आल्या, त्यांनी फळ्याकडे पाहिले, नाव उच्चारले. ती पुढे आली. मिसनी तिला काही विचारले नाही, मला काही विचारले नाही. तीन पट्ट्या. तिने हात मागे घेतला नाही. जाग्यावर जाताना ती माझ्याजवळून गेली, पण माझ्याकडे तिने पाहिले नाही. माझी मैत्रीण मात्र माझ्याकडे बघून हसली, आणि ते हसू मला त्या दिवशी आवडले, हेही कबूल केले पाहिजे.

त्यानंतर एकदा सोपे झाले ते सोपेच झाले. त्या सत्रात तिचे नाव फळ्यावर किती वेळा आले ते मी मोजले नाही. सहामाहीला तिला ‘फेअर’ मिळाला. फी माफीसाठी ‘गुड’ लागतो असे मुली बोलत. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा ती आली नाही. ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत गेली असे नंतर कानावर आले. तिची आई मात्र शाळेत होतीच. पुढची दोन वर्षे ती आमचा वर्ग झाडत होती, पाण्याचे पिंप भरत होती. माझ्यामुळेच तिची मुलगी गेली असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. घरची आणखी कारणे असतील. पण नाही असेही मला कधी म्हणता आलेले नाही.

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात ‘गुड’ लिहिलेले आहे.

मध्यंतरी एका कादंबरीच्या निमित्ताने कॅथलिक शाळांच्या जुन्या नियमावल्या वाचण्याचा योग आला. कादंबरीत एक जेझुइट शिक्षक यायचा होता, म्हणून सुरुवात केली आणि त्या वाचनातच अडकले. माझी समजूत अशी होती की पट्टी, फळा आणि भीती ही या शाळांची मूळ परंपरा. आपण सगळे त्या परंपरेची मुले. वाचल्यावर कळले की प्रकरण बरेच निराळे आहे.

इग्नेशियस लोयोला यांच्या जेझुइट संघाने १५४८ साली सिसिलीतल्या मेसिना गावी शाळा उघडली आणि मग युरोपभर शाळांचे जाळे पसरले. १५९९ साली त्यांनी या शाळांसाठी ‘रॅशिओ स्टुडिओरम’ नावाची नियमावली पक्की केली. तिच्यात शिक्षकांसाठी शिक्षेविषयी नियम आहे. त्याचा आशय असा, की शिक्षकाने शिक्षा देण्याची घाई करू नये आणि चौकशीचा अतिरेकही करू नये. कुणाचे नुकसान होत नसेल तिथे काणाडोळा करावा. स्वतःच्या हाताने कुणाला मारू नये. शब्दाने किंवा कृतीने अपमान करू नये. आणि मुलाला त्याच्या नावाने किंवा आडनावानेच हाक मारावी, दुसऱ्या कशाने नाही. मार देण्याची वेळ आलीच तर त्यासाठी संघाबाहेरचा एक वेगळा माणूस नेमलेला असे. त्याला ‘करेक्टर’ म्हणत.

मी बँकेतली बाई. मला यात पहिल्यांदा काय दिसले असेल तर आमचा रोजचा नियम. नोंद करणारा एक, आणि ती तपासून पास करणारा दुसरा. ज्याला राग आला आहे त्याच्याच हातात पट्टी द्यायची नाही, हे चारशे वर्षांपूर्वी त्या लोकांना सुचले होते. मार त्यांनी बंद केला नव्हता, हे खरे. त्या काळात तो सगळीकडेच होता. आपल्या पंतोजींच्या शाळांतही ओणवे उभे करणे, अंगठे धरायला लावणे हे प्रकार काही कमी नव्हते. पण मारणाऱ्या हाताचा त्यांना भरवसा वाटत नव्हता आणि त्या हाताला त्यांनी लगाम घातला होता.

गंमत म्हणजे मॉनिटरही त्या नियमावलीत आहेत. मुलांतूनच निवडलेले, इतरांचे पाठांतर ऐकणारे, कोण कुठे चुकले आणि कुणी लिखाण केले नाही याची नोंद ठेवणारे. म्हणजे माझा खडूही त्याच घराण्यातला. फरक एवढाच, की खडू आमच्यापर्यंत पोहोचला आणि लगाम वाटेत कुठेतरी गळून पडला.

फ्रान्समध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढणारे जाँ-बाप्तिस्त द ला साल (१६५१–१७१९) यांच्या नियमावलीतही शिक्षा देणाऱ्याने शांत, न्यायी आणि माफक असावे, असा आग्रह आहे. आणि सर्वांत पुढे गेले ते इटलीतले जॉन बॉस्को (१८१५–१८८८). माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेमुळे हे नाव मुंबईकरांना परके नाही. तुरीन शहरात रस्त्यावर भटकणारी, कामधंद्यासाठी खेड्यांतून आलेली पोरे त्यांनी गोळा केली. ही काही गरीब गाय मुले नव्हती. त्यांतली काही तुरुंग पाहून आलेली होती. १८७७ साली त्यांनी आपल्या पद्धतीवर एक छोटासा निबंध लिहिला. तिचे तीन आधार : विवेक, धर्म आणि माया. त्यात ते सांगतात की मुलाला कोणत्याही प्रकारे मारणे, त्रास होईल असे गुडघ्यांवर बसवणे, कान पिळणे हे पूर्णपणे टाळावे. त्याने मूल चिडते आणि शिक्षकाची प्रतिष्ठा खाली येते. शिक्षा किंवा समज द्यायची ती, अगदी क्वचित प्रसंग सोडले तर, एकांतात द्यावी, सोबत्यांसमोर नाही. आणि नियम आधी सगळ्यांना माहीत करून द्यावेत, म्हणजे ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणायची पाळी कुणावर येणार नाही.

हे वाचले तेव्हा मला नळापाशी माझे हात उलटसुलट करून पाहणाऱ्या सिस्टर आठवल्या. त्या बॉस्कोंच्या संघाच्या नव्हत्या. पण या परंपरेतले जे उत्तम, ते त्यांच्या हाडीमाशी होते. आणि आमच्या वर्गात जे चालत होते ते या परंपरेचे नव्हते. ते तिच्या नावाखाली चालत होते. नियम आधी सांगितलेला असावा, शिक्षा चारचौघांत नसावी, रागात नसावी. यांतल्या पहिल्या गोष्टीसाठी कॅलेंडर होते. उरलेल्या दोन कुणी छापल्याच नव्हत्या.

पण या तिन्हींच्या आधी एक चौथी गोष्ट यायला हवी, असे मला वाटते. ती मी शाळेत नाही, बँकेत शिकले.

१९९६ साली एका शाखेतल्या शिपायाच्या खातेनिहाय चौकशीत मला चौकशी अधिकारी नेमले. आरोप असा की तो वारंवार जागेवर नसतो. पुराव्यादाखल एका अधिकाऱ्याने ठेवलेली यादी होती. तारीख आणि वेळ घालून सोळा नोंदी. कागद अगदी व्यवस्थित. मला तर वाटले की दोन बैठकांत काम आटोपेल. शिपायाच्या बाजूने युनियनचे एक वयस्क गृहस्थ उभे राहिले. त्यांनी साक्षीदाराला एकच प्रश्न विचारला : “साहेब, या सोळा वेळी आणखी कोण कोण जागेवर नव्हतं?” साक्षीदार गप्प बसले. बराच वेळ झाला तेव्हा मी म्हटले, “उत्तर द्या.” ते म्हणाले, “इतरांची यादी ठेवायला मला सांगितलेलं नव्हतं.”

त्या क्षणी मला शाखेतली ती खोली दिसेनाशी झाली आणि फळ्याचा उजवा कोपरा दिसू लागला. आरोप सिद्ध होत नाही असा अहवाल मी दिला. तो शिपाई मला वाचवणारी देवी समजत असे. दर दिवाळीला घरी येऊन पाया पडायचा, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

विचार करा. बँकेतल्या शिपायाला आरोपपत्र मिळते. उत्तर द्यायला मुदत मिळते. आपल्या बाजूने बोलणारा माणूस आणता येतो, साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता येतात, निकाल पटला नाही तर वर अपील करता येते. चौकशी करणारा आणि आरोप करणारा एक नसतो. हे सगळे एका सज्ञान, कमावत्या माणसासाठी. आणि तेरा वर्षांच्या मुलीला? तिला ‘तू बोलत होतीस का?’ एवढे तीन-चार शब्दही मिळत नाहीत.

कायद्याचे म्हणाल तर तो हळूहळू पुढे सरकला आहे. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. त्या हक्काच्या आधाराने कॅथलिक शाळा उभ्या आहेत, आणि त्यांनी या देशात केलेले काम लहान नाही. पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स १८६७ सालचे, धोबीतलावचे सेंट झेवियर्स १८६९ सालचे. वसईच्या पट्ट्यात आणि अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात मराठीतून शिकवणाऱ्या शाळाही मिशनरींनी चालवल्या. पण केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच स्पष्ट केले होते की संस्था चालवण्याच्या हक्कात ती वाईट रीतीने चालवण्याचा हक्क येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००० साली शाळांतल्या शारीरिक शिक्षेची परवानगी देणारे तिथले नियम रद्द केले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू होत नाही असा निकाल दिला. त्या निकालाविषयी २०२५ साली त्याच न्यायालयात पुन्हा प्रश्न उपस्थित झाला. हा वाद कायदेपंडितांचा आहे. माझ्यासारखीला एवढेच कळते की १८७७ साली जे बॉस्कोंनी आपणहून लिहून ठेवले, ते करायला त्यांच्या वारसांना कुठल्या कलमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणि आपण पालक? आपण यात मुळीच नाही, असे समजू नये. दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत या शाळांपुढे रांगा लागतात. त्या रांगेतल्या कुणालाही विचारा, अण्णांचाच शब्द ऐकू येईल : शिस्त. म्हणजे काय, हे मात्र आपण शाळेला विचारत नाही आणि स्वतःलाही नाही. बहुतेकांच्या मनात शिस्त म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांना गप्प बसवणारी काहीतरी जादू. तीच आपल्या मुलापर्यंत आली की आपण वकिलाचा नंबर शोधतो. शिक्षकांना मधल्यामध्ये मरण. पूर्वी पट्टी होती. ती गेली हे उत्तमच झाले. पण तिच्या जागी काय वापरायचे, हे त्यांना कुणी बसून शिकवले का? साठ मुलांचा वर्ग, पेपर तपासणी, पालकांच्या ग्रुपवर रात्री अकरा वाजता येणारे प्रश्न. मग पट्टीऐवजी लाल शाई आली. लाल शाईने हात सुजत नाही, पण तीही कुणाला काही विचारत नाही.

नियम नकोत असे मी म्हणत नाही. घंटा हवी, रांग हवी, बोलू नये तेव्हा गप्प बसणे हवे. मुलांना नियमांचा त्रास होत नाही. ती खेळातसुद्धा आपणहून नियम करतात आणि मोडणाऱ्यावर तुटून पडतात. त्रास होतो तो न विचारता दोषी ठरण्याचा. तो त्रास मूल विसरत नाही. आणि माझ्या अनुभवाने सांगते, ज्याच्या हातात खडू दिलेला असतो ते मूलही विसरत नाही. मोठ्या माणसाने स्वतः करायचे काम एका मुलीकडून करून घेतले, तर शिक्षा दोघींना होते; फक्त एकीला ती फार उशिरा पोचते.

तर त्या संध्याकाळी मी सही केली. पण सहीखाली दोन ओळी लिहिल्या : मुलीचे म्हणणे वेगळे आहे. कृपया तिला एकदा विचारावे.

दोन दिवसांनी कॅलेंडर परत आले. रिमार्कवर एक सरळ रेघ मारलेली होती आणि बाजूला टीचरची आद्याक्षरे होती. मला माझे लेजर आठवले. पुढे ओपन डेला त्या बाई भेटल्या. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगीच ती. म्हणाली, “मॅडम, मी दोघींना मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारलं. मॉनिटर म्हणाली, आवाज त्या बाकावरून आला म्हणून नाव लिहिलं. पण मॉनिटर ठेवला नाही तर मला पाणी प्यायलासुद्धा वर्गाबाहेर जाता येत नाही.” तिचे खरे होते. मी तिला काय उपाय सांगणार? तिनेच एक काढला होता. आता मॉनिटर दर आठवड्याला बदलतो, नावे लिहिली तरी लाल शाई लगेच लागत नाही, आधी त्या मुलाला विचारले जाते. “वेळ जातो फार,” ती म्हणाली, “पण नावं कमी झाली.”

ऑगस्टमध्ये नातीची पाळी आली. रविवारी रात्री युनिफॉर्मला इस्त्री करत होते तेव्हा ती येऊन बसली.

“आजी, उद्यापासून मी मॉनिटर. माझी बेस्ट फ्रेंड खूप बोलते. तिचं नाव लिहायचं का गं?”

मी इस्त्री बंद केली आणि तिला शेवटच्या बाकावरच्या त्या मुलीची गोष्ट सांगितली. घरात आजवर ती कुणालाही सांगितली नव्हती. माझ्या यजमानांना नाही, मुलालाही नाही. ती मधे एकदाही बोलली नाही. सांगून झाल्यावर तिने विचारले, “तिचं नाव काय होतं?”

मी सांगितले. नाव, आडनाव आणि रोल नंबरसुद्धा. तिन्ही तोंडावर होते.

“मग तू तिला सॉरी म्हणालीस?”

“नाही,” मी म्हटले.

ती काही वेळ तशीच बसून राहिली. मग उठली, आणि दप्तरात कॅलेंडर भरलेय की नाही ते तिने पुन्हा एकदा पाहून घेतले.